सात किलोंपायी गेलेली पन्नास मिनिटं

लडाखहून येऊन बरेच महिने झाले तरी त्या चेक-इन काउंटरची आठवण आली की माझं डोकं अजून तापतं. हे लिहायला बसले तेही मुख्यतः त्यामुळेच. कॅमेरा कुठला घ्यावा, लेन्स कुठली घ्यावी यावर सगळे बोलतात, पण ते सगळं विमानात कसं चढवायचं हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही तिघं गेलो होतो, मी, ताई आणि दाजी. सप्टेंबर 2023. तारखा माझ्या हट्टाने ठरल्या कारण मला लडाखमधल्या हानले गावातून आकाशगंगेचे फोटो काढायचे होते आणि त्यासाठी अमावस्या हवी, आणि 14 सप्टेंबरला पोळ्याची अमावस्या होती आणि 19 तारखेला गणपती, म्हणजे त्याच्या आत घरी पोचायचंच. हानलेला साडेचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर मोठी वेधशाळा आहे आणि आजूबाजूचा भाग डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीच्या अंधारासाठी राखलेला आहे, रात्री गावात बाहेर लखलखाट नसतो. परमिट, गाडी, हॉटेल यात काहीच त्रास झाला नाही त्यामुळे त्यावर लिहीत नाही.

कॅमेरा नवीन घ्यायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. माझा निकॉन डी7200 जुना आहे पण माझ्या बोटांना त्याची सवय आहे, अंधारात हातमोजे घालून बटणं सापडतात, आणि प्रवासाच्या तोंडावर नवा कॅमेरा घेऊन गेलं की अर्धी ट्रिप मेन्यू शोधण्यात जाते असं माझं स्पष्ट मत आहे. प्रश्न लेन्सचा होता. ताऱ्यांसाठी माझी टोकिना 11-16 एफ2.8, आकाशाचा मोठा भाग मावणारी आणि अंधारात भरपूर उजेड घेणारी, ती हवीच. (हे आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं.) फिरताना 18-140, तीही हवी. आणि तिकडे कियांग म्हणजे रानगाढवं आणि काळ्या मानेचे क्रौंच दिसतात, ते काय जवळ येऊन उभे राहत नाहीत, म्हणून 200-500 भाड्याने घेतली. ती एकटी लेन्स 2 किलो 300 ग्रॅम आहे! बाकी सगळं सामान विसरा, पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ त्या एका आकड्यात आहे.

देशांतर्गत विमानाला हातातली बॅग सात किलो. बाथरूमच्या काट्यावर बॅग धरून उभं राहिलं की दोनशे-तीनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात, म्हणून मी भरलेली बॅग घेऊन सरळ आमच्या किराणावाल्या काकांकडे गेले. त्यांनी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, बरोबर सात. सात म्हणजे सातच नको, थोडी जागा हवी, म्हणून 35 ची छोटी लेन्स तिथेच बाहेर काढली, 6 किलो 800 झाले. मला फार बरं वाटलं. बॅग रिकामी असताना किती भरते हे पण बघा, माझी दीड किलोची आहे, भक्कम पॅडिंगवाल्या काही बॅगा रिकाम्याच दोन-अडीच किलो असतात आणि मग आत ठेवायला उरतं काय?

आता चूक कुठे झाली ते सांगते. लॅपटॉप मी वेगळ्या स्लिंगमध्ये, म्हणजे खांद्याला लावायच्या लॅपटॉप बॅगेत, नेणार होते. निघायच्या रात्री धो धो पाऊस, स्लिंग वॉटरप्रूफ नाही, म्हणून लॅपटॉप कॅमेऱ्याच्या बॅगेत सरकवला, तिला रेनकव्हर होतं, आणि रिकामी स्लिंग मोठ्या बॅगेत टाकली. विमानतळावर पोचून परत वेगळं करू असं डोक्यात होतं.

फ्लाइट पहाटे 6:10 ची. विमानतळाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. 4:10 ला आमचा नंबर आला, मोठ्या बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या, माझी स्लिंग पण त्यातच गेली, आणि मग काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ती पण ठेवा काट्यावर." 8 किलो 400.

"ही आत टाकावी लागेल."

मी म्हटलं, लॅपटॉप बाहेर काढते, दीड किलोच्या वर आहे तो, मग सातच्या आत येते बॅग. ती म्हणाली, हातात एकच बॅग. मी म्हटलं, तुमच्याच तिकिटाखाली लिहिलंय की लॅपटॉप बॅग वेगळी चालते. ती म्हणाली, "लॅपटॉप बॅग चालते मॅडम, सुटा लॅपटॉप नाही." आणि माझी लॅपटॉप बॅग दोन मिनिटांपूर्वी पट्ट्यावरून गेली होती.

मग तिने एक टॅग काढला आणि सही करा म्हणाली. त्यावर बारीक अक्षरात होतं की सामान नाजूक आहे आणि काही मोडलं तर कंपनी जबाबदार नाही. मी सही करायला साफ नकार दिला. दोन कारणं. एक, ती मोठी लेन्स माझी नव्हती, तिच्यावर माझं डिपॉझिट अडकलं होतं. दुसरं, त्या बॅगेत तीन सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक होती, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालतच नाहीत, कारण पेटली तर केबिनमध्ये विझवता येते, खाली सामानाच्या कप्प्यात तिच्यापर्यंत पोचताच येत नाही. हा नियम सगळीकडे आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली बॅटऱ्या हातात घ्या, कॅमेरा आत टाका. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला की एवढ्या बॅटऱ्या हातात पण नाही चालत, परवानगी लागते. म्हणजे खाली पण नाही आणि वर पण नाही! मी त्याला बॅटरी उलटी करून दाखवली, 7 व्होल्ट, 1900 एमएएच, म्हणजे चौदाच्या आसपास वॅट-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), आणि परवानगी लागते ती शंभर वॅट-अवरच्या वर. माझी पॉवर बँक 20,000 एमएएचची, ती पण 74 वॅट-अवरच होते. तो म्हणाला सुपरवायझर सरांना विचारतो.

सर यायला पंचवीस मिनिटं लागली. आम्हाला लाइनीतून बाजूला उभं केलं. मागे बायका-मुलं घेऊन आलेली माणसं बघत होती, ताईला ते फार लागलं, ती म्हणत होती की जाऊ दे गं, टाक आत, काय होतंय. दाजी काही न बोलता घड्याळ बघत होते. 5:10 ला चेक-इन बंद होणार होतं आणि मला आतून रडू येत होतं पण मी बॅगेचा पट्टा सोडला नाही. हे मी अभिमानाने लिहितेय. त्या क्षणी सही केली असती तर मोडली तर मोडली म्हणून मीच लिहून दिल्यासारखं झालं असतं.

सर आले, दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, दुसरी कुठलीही पिशवी आहे का? लॅपटॉप त्यात घाला." बस्स. दाजींच्या खांद्यावर कापडी झोळी होती, त्यांनी त्यातले खाकरे आणि औषधं खिशात आणि ताईच्या पर्समध्ये कोंबली, लॅपटॉप झोळीत, बॅग परत काट्यावर, 6 किलो 800, किराणावाल्या काकांच्या काट्याला तोडीस तोड. बॅटऱ्यांबद्दल सर म्हणाले हातातच ठेवा, बरोबर आहे तुमचं. आम्ही पुढे निघालो तेव्हा बरोबर पाच वाजले होते. हे एक वाक्य 4:12 ला कोणी बोललं असतं तर? नियम काउंटरवरच्या माणसांना माहीत नसावेत याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, वजनाचा नाही.

तर एक घडी केलेली कापडी पिशवी कॅमेऱ्याच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात कायम ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. कंपनीच्या नियमाचं पान मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट करून ठेवा, माझ्याकडे फक्त तिकीट होतं. पॉवर बँकेवरचे आकडे घासून गेले असतील तर ती नेऊच नका, सिक्युरिटीवाले छापील आकडाच बघतात. सुट्या बॅटऱ्यांच्या तोंडाला प्लास्टिकची टोपी किंवा चिकटपट्टी हवी. ट्रायपॉड मी मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून दिला होता, त्याला काही झालं नाही.

आणि खरं सांगायचं तर लॅपटॉपची गरजच नव्हती. डी7200 मध्ये दोन मेमरी कार्डं बसतात, मी प्रत्येक फोटो दोन्हीवर जाईल असं सेटिंग केलं होतं, म्हणजे बॅकअप आपोआप होत होता. नऊ दिवसांत लॅपटॉप एकदाच उघडला. पुढच्या वेळी तो घरी राहणार आणि त्याच्याऐवजी आणखी दोन बॅटऱ्या येणार, कारण थंडीत त्या बघता बघता उतरतात. मी दोन बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाशी धरून ठेवायचे आणि बदलत राहायचे.

200-500 न्यायला हवी होती का हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. हो. हानलेच्या वाटेवरच्या न्योमा गावाच्या पुढे सकाळी सातच्या उन्हात क्रौंचांची जोडी मिळाली, मागे पिल्लू. 18-140 वर ते तीन ठिपके आले असते. दुपारी मात्र ती लेन्स काढू नका, जमिनीवरून गरम हवा थरथरते आणि लांबचा प्रत्येक फोटो विरघळल्यासारखा येतो, मला वाटलं लेन्सच खराब दिली.

अमावस्येच्या रात्री हानलेत वारा इतका होता की ट्रायपॉड हलत होता, त्याच्या मधल्या हुकाला तीच कॅमेऱ्याची बॅग टांगली. कॅमेऱ्याचं सेटिंग 11 एमएम, एफ2.8, 20 सेकंद, आयएसओ 3200. फोकस दिवसा लावून ठेवू नका, रात्री लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर, एखादा ठळक तारा मोठा करून हाताने लावा आणि लेन्सच्या फोकस रिंगवर चिकटपट्टी मारा, नाहीतर हातमोजा लागून सरकतो. सप्टेंबरात आकाशगंगेचा ठळक भाग संध्याकाळ झाल्या झाल्या नैऋत्येला असतो, जेवून निवांत बाहेर पडू म्हणाल तर तो खाली गेलेला असेल. ताई आणि दाजी ब्लँकेट घेऊन बाहेर बसले होते. स्क्रीनवर पहिला फोटो आला तेव्हा ताईने तो बघितला, मग वर बघितलं, आणि म्हणाली, "बरं झालं नाही टाकलीस आत."

खोलीत परत जाताना कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करून मग आत न्या आणि सकाळपर्यंत उघडू नका, गरम खोलीत थंड काचेवर लगेच पाणी धरतं. कार्ड तेवढं आधी काढून घ्या.