लॅपटॉप आणावा

"हे तुम्ही खाली 'लॅपटॉप आणावा' लिहिलंय, म्हणजे आम्ही यायचं नाही असंच ना?"

पुण्यात सदाशिव पेठेतल्या बैठकीत आमच्या कार्यक्रमाचं निमंत्रण वाचून एक निवृत्त शिक्षिका हे म्हणाल्या. रागाने नाही, अगदी सहज, चष्मा पुसत. कार्यक्रम कुणासाठी? तर ज्यांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही त्यांना ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशाची ओळख करून द्यायला!

एका तरुणाने लगेच सुचवलं, "काकू, तुम्ही स्वागताला उभ्या राहा ना." काकू फक्त हसल्या. (मला तो 'ना' फार लागला.)

आता गंमत बघा. 2004 साली सुरू झालेला हा नकाशा कोणालाही बदलता येतो. त्यात प्रत्येक जागेच्या मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो. आणि तो भरायला माहिती लागते ती काकूंकडे: कुठला बोळ आरपार जातो, कुठल्या दवाखान्याला पायऱ्या आहेत, लोक कोपऱ्याला काय म्हणतात. नकाशाचा कागद छापून घ्यायचा, हिंडत पेन्सिलीने लिहायचं, घरी येऊन कोणीतरी ते नोंदवायचं. टायपिंग तर त्या तरुणालाही जमेल.

खुलं वेब सर्वांचं म्हणतो आपण, पण दारातच लॅपटॉप आहे का ते तपासतो.

तर आता तांबट आळीतून पायी सुरुवात करायची ठरलंय. वाट काकू दाखवणार. गुडघेदुखीवाल्यांचा विचार करून विचारतोय, सकाळी सात बरे की संध्याकाळी पाच?