कृष्ण यायच्या आधी: माझ्या पहिल्या फॅनफिकचे टॅग

कथा लिहायला मला तीन आठवडे लागले. ती साइटवर चढवताना जो फॉर्म भरायचा असतो, कथेत काय आहे ते सांगणारे टॅग वगैरे, त्याला पाच. ड्राफ्ट महिनाभरात आपोआप पुसला जातो, त्यामुळे एकदा तो गेलाही. मजकूर माझ्याकडे होता म्हणून वाचले.

या नादाला मला लावलं मावसबहिणीने. ती कॉलेजपासून आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर, म्हणजे एओथ्री या साइटवर फॅनफिक वाचते. फॅनफिक म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या कथा. मी नाक मुरडलं तेव्हा तिने सुनावलं, "ताई, २०१९ साली ह्यूगो पुरस्कार मिळालाय त्या साइटला. जाहिराती नाहीत, सगळं स्वयंसेवक चालवतात." आमंत्रणासाठी ईमेल देऊन रांगेत उभं राहायचं, नंबर लागला की खातं. इथपर्यंत काहीच अवघड नव्हतं.

माझी कथा महाभारतातली. उत्तरेचं बाळ अश्वत्थाम्याच्या अस्त्रामुळे निपचित जन्मतं आणि पुढे कृष्ण त्याला जिवंत करतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मला मधला वेळ हवा होता. बाळ हलत नाहीये, कृष्ण अजून आत आलेला नाही, आणि खोलीत कुंती, सुभद्रा, द्रौपदी आणि उत्तरा एवढ्याच. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात बसून मी आश्वमेधिक पर्व आणि सौप्तिक पर्व वाचून काढलं, टिपणं काढली. लिहिताना कुठे अडले नाही. अडले ते पहिल्याच चौकटीशी: रेटिंग.

पर्याय पाच. जनरल, टीन अँड अप, मॅच्युअर, एक्स्प्लिसिट आणि नॉट रेटेड. सिनेमाच्या सर्टिफिकेटची आपल्याला सवय आहे. २०२४ पासून त्यातल्या यूएचेही सात, तेरा आणि सोळा असे तुकडे झाले आहेत. पण तिथे कोणीतरी बघून शिक्का मारतं. इथे लिहिणाऱ्यानेच आपल्या हाताने मारायचा. मी नॉट रेटेड निवडलं, कारण मला वाटलं, आक्षेपार्ह काही नाही असा त्याचा अर्थ. मग नवऱ्याच्या फोनवर लिंक उघडून बघितली, तर आधी एक पाटी: यात प्रौढांसाठीचा मजकूर असू शकतो, पुढे जायचं का? नवऱ्याने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "तू तर म्हणालीस महाभारत आहे." नॉट रेटेड म्हणजे निरुपद्रवी नव्हे, तर काय निघेल सांगता येत नाही. म्हणून साइट त्याला मॅच्युअर आणि एक्स्प्लिसिटच्याच पंगतीला बसवते.

मग टीन. त्यावरून मावसबहिणीशी फोनवर वाद झाला. कथेत द्रौपदीला ती झोपलेल्या छावणीतली रात्र आठवते. तिच्या भावाने, धृष्टद्युम्नाने, शस्त्राने मारण्याची विनवणी केली, अश्वत्थाम्याने तेवढाही मान दिला नाही, लाथांनी मारलं. धृष्टद्युम्नाचा सारथी कसाबसा वाचला आणि त्याने ही बातमी युधिष्ठिराला सांगितली. मी म्हटलं, अगं हे तर व्यासांनीच लिहिलंय, 'मूळ कथेइतकीच हिंसा' असा टॅग तुम्ही लोक लावता ना, तो लावते. ती हसत सुटली. "ताई, अठरा अक्षौहिणींच्या कथेत मूळ कथेइतकी म्हणजे किती?" मग गंभीर होऊन म्हणाली, "एवढंच बघ. वाचताना ते नुसतं कळतं, की दिसतं?"

दुसऱ्या दिवशी ठाण्याला दहा नंबरवरून वाशी गाडी पकडली आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला. रबाळे येईपर्यंत तीनदा. दिसत होतं. बरगड्यांचा आवाजसुद्धा होता, आणि तो मला आवडला होता, म्हणून काढायची तयारी नव्हती. तेव्हा रेटिंग मॅच्युअर, आणि वॉर्निंगमध्ये हिंसेच्या तपशीलवार वर्णनावर टिक.

वॉर्निंगचं खातं वेगळं असतं, हे मला तेव्हा कळलं. ठरलेल्या चारच आहेत: तपशीलवार हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. शिवाय दोन पर्याय, जे दिसायला सारखे आणि अर्थाने उलट. 'यातली कुठलीच लागू नाही' हा शब्द देणं आहे. 'लेखकाने वॉर्निंग न वापरायचं ठरवलं आहे' म्हणजे असेलही, नसेलही, मी सांगणार नाही, तुमच्या जबाबदारीवर वाचा. रहस्य फोडायचं नसेल तर दुसरा पर्याय वापरतात आणि त्यात लबाडी काही नाही. मी मात्र आधी पहिल्यावर टिक केली होती. का, तर अभिमन्यू माझ्या कथेच्या कितीतरी आधी गेलेला, मी कोणाला मारलं? या हिशोबाने कुरुक्षेत्रावर कोणीच मेलं नाही असं म्हणावं लागेल.

नात्यांच्या रकान्यात तर मी दिवेच लावले. तिथे दोन नावांमध्ये तिरपी रेघ दिली की प्रेमसंबंध, आणि '&' दिलं की मैत्री, माया, घरचं नातं. मी सरळ 'द्रौपदी/उत्तरा' लिहून मोकळी झाले. मावसबहिणीचा रात्री साडेअकराला फोन. "ताई, सासू-सुनेचं काय लावून दिलंयस हे?" फॅन्डम, म्हणजे कथा मूळ कशावर बेतलेली, हेही बघून निवडावं लागतं. व्यासांचं महाभारत वेगळं, टीव्ही मालिका वेगळ्या. मालिकेचे चाहते त्यातल्या नटाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून येतात, त्यांना माझी कुंती कशाला?

आणि स्वल्पविराम. टॅगमध्ये स्वल्पविराम दिला की तिथे टॅग संपतो. 'रात्र सरली, बाळ उठलं नाही' असा एक टॅग मी मोठ्या हौसेने लिहिला होता. त्याचे दोन झाले. नुसतं 'रात्र सरली' वाचून कोणालाही वाटावं, गोड शेवट आहे.

हे सगळं निस्तरून कथा एकदाची नीट लागली. मी लिंक आमच्या मजल्यावरच्या वहिनींना पाठवली. त्या वाचणाऱ्या, दिवाळी अंकांची अदलाबदल आमची दरवर्षी होते. लिहिलं, "मॅच्युअर रेटिंग आहे हं, थोडी मारामारी आहे." त्यांचं उत्तर, "आता या वयात मॅच्युअर नाही तर केव्हा?"

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटल्या. कथा चांगली आहे म्हणाल्या. मग चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं धरून म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर रात्री एकटी असताना नसती उघडली. दुपारी वाचली असती."

त्यांचं पहिलं बाळ. मला माहीत होतं. सोसायटीत नवीन आले तेव्हा कोणीतरी सांगितलं होतं, आणि लिहिताना ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

घरी येऊन फॉर्म पुन्हा उघडला. नियमाने सगळं बरोबर होतं. रेटिंग बरोबर, वॉर्निंग बरोबर, तिरपी रेघसुद्धा दुरुस्त केलेली. मृत जन्मलेलं बाळ त्या चार वॉर्निंगांत कुठे बसत नाही. मुख्य पात्राच्या मृत्यूत ओढूनताणून बसवलं असतं तरी वहिनींना त्यावरून काय कळणार होतं? आणि रेटिंग एक्स्प्लिसिटपर्यंत नेलं असतं तरी उपयोग शून्य. त्या पन्नाशीच्या आहेत, त्यांना वयाची पाटी कशाला अडवेल? उरला होता फक्त खालचा मोकळा रकाना, जिथे आपल्या मनाने टॅग लिहायचे असतात. तिथे मी काय लिहिलं होतं? 'स्त्रियांची बाजू'. 'थोडं काव्यात्म'. थोडक्यात, स्वतःचं कौतुक.

मुद्दाम लपवलं होतं असंही नाही. शेवट फुटेल अशी थोडी धाकधूक होती खरी. पण परीक्षिताच्या जन्माचा शेवट फुटेल म्हणणं म्हणजे रामायणात सीता कोणाची कोण हे गुपित ठेवणं.

शनिवारी दुपारी वहिनींकडे गेले. माफी मागितली. ती त्यांनी हाताने झटकून टाकली आणि चहा ठेवला. मी फोन काढून विचारलं, वर काय लिहू? 'मूल गमावणं' चालेल? त्या म्हणाल्या, "गमावणं नको गं. सगळे तसंच म्हणतात. मी काय कुठे विसरून आले होते?"

"मग?"

"जे झालं ते लिही. मृत जन्मलेलं बाळ."

तेच लिहिलं. देवनागरीतला नवा टॅग लगेच प्रचलित टॅगशी जोडलेला नसतो. स्वयंसेवक तो बघून समान अर्थाच्या टॅगला जोडतात तेव्हा फिल्टरमध्ये नीट धरला जातो. म्हणून सोबत यादीत सुचवलेला 'स्टिलबर्थ'सुद्धा घेतला. मराठी वाचणाऱ्यासाठी एक, गाळणीसाठी एक. सगळे मिळून पंच्याहत्तर टॅग चालतात, माझे बारा झाले होते. 'थोडं काव्यात्म' काढलं, अकरा.

वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "शेवटी कृष्ण येतो ना?"

"येतो. पण माझी कथा त्याच्या आधी संपते."

"मला वाटलं, पुढचं पान उघडत नाहीये. बराच वेळ खालीवर करत बसले होते." त्यांनी कप पुढे केला. "तेही लिही वर."

बारावा टॅग, एका दमात, स्वल्पविराम न देता: 'या कथेत कृष्ण येत नाही'.