टिळकांची भजनं असताना बिंग क्रॉसबी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसं तुम्ही दर डिसेंबरला विचारताच. चर्चमधली माणसं म्हणतात, "अगं, तू गायनमंडळात वाढलेली, पेटीवाल्याची मुलगी, आणि नाताळच्या आठवड्यात तुझ्या घरातून ती बर्फाची इंग्रजी गाणी काय ऐकू येतात?" ऑफिसातल्या मैत्रिणी उलट्या बाजूने येतात. ख्रिश्चन म्हटल्यावर सगळं इंग्रजीतच असणार, अशी त्यांची पक्की समजूत. मराठीत नाताळची भजनं आहेत, ती पेटी-तबल्यावर म्हणतात, घरी करंज्या-चकल्या होतात, हे सांगितलं की आधी आश्चर्य आणि मग लगेच, "मग तू ती इंग्रजी का लावतेस?" दोन्हीकडून येऊन प्रश्न एकाच जागी बसतो. यंदा कोणी विचारलं की हे वाचायला देणार आहे.

गाणी कोणती ते तुम्हाला माहीत आहे. बिंग क्रॉसबी, नॅट किंग कोल, फ्रँक सिनात्रा हे जुने अमेरिकन गायक, आणि आमच्या घरापुरता या सगळ्यांच्या वर जिम रीव्ज. जिम रीव्ज कोण, हे वसईत किंवा गोव्यात विचारून बघा, लोक तुमच्याकडेच संशयाने बघतील.

पूर्वी मी एक उत्तर द्यायचे, संगीताला भाषा नसते आणि धर्मही नसतो. हे वाक्य फेकलं की समोरचा मान डोलावून गप्प बसतो, एवढाच त्याचा उपयोग. संगीताला भाषा असते, धर्मही असतो. नसता तर ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं कशाला रचली असती? अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. म्हणजे मधली साठ-पासष्ट वर्षं आपल्या माणसांनी परक्या चालीत तोंड घालून बघितलं होतं. त्या अवघडलेपणातून टिळकांनी आम्हाला सोडवलं. हे मला कोणी शिकवायला नको, मी त्याच पेटीच्या भात्याशेजारी बसून मोठी झाले.

नंतर मी जरा वाचलं आणि वकिली उत्तर तयार केलं. ते असं: ही गाणी लिहिणारे तरी कुठे त्या नाताळच्या आतले होते? 'व्हाइट ख्रिसमस' लिहिणारे आयर्व्हिंग बर्लिन रशियात जन्मलेले ज्यू. त्यांचं तान्हं बाळ १९२८ च्या नाताळात गेलं, त्यामुळे त्यांच्या घरात तो दिवस कसा असेल याची कल्पना करा. त्या गाण्याची मूळ सुरुवात कॅलिफोर्नियातली आहे, ऊन पडलंय, गवत हिरवं आहे, संत्र्याची आणि ताडाची झाडं डुलताहेत, आणि तिथे बसलेल्या माणसाला बर्फ आठवतोय. ती सुरुवात बहुतेक गायक गाळतात, म्हणून आपल्याला वाटतं की गाणारा बर्फातच उभा आहे. 'लेट इट स्नो' सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी १९४५ च्या जुलैत, हॉलिवूडच्या उकाड्यात लिहिलं. चेस्टनट भाजण्याचं ते 'ख्रिसमस साँग' मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांचं, तेही त्याच उन्हाळ्यातलं. मी टाळी मागायचे: बघा, सगळेच बाहेरचे! मग नगरच्या मुलीने ऐकलं तर काय बिघडलं?

काहीच बिघडलं नाही. पण तुमचा प्रश्न "चालतं का" असा नव्हता, "का" असा होता. बर्लिनला बर्फ आठवत होता, कारण न्यूयॉर्कमध्ये त्याने तो बघितला होता. मी बर्फ बघितला तो फ्रीजरमधला. मला नेमकं काय आठवतं?

मला आठवतं ते हे.

मी दहावीत होते. नाताळची संध्याकाळ, आमचं नगरचं अंगण, बांबूच्या काड्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा तारा वर लटकलेला, आत साठचा बल्ब. पाळकसाहेब, पाळकीणबाई, चर्चचे दोन पंच, शेजारची चार घरं, हातात फराळाच्या बशा. पपांनी सकाळची भक्ती पेटीवर काढली होती, आवाज बसला होता, तरी खुशीत होते. मुंबईहून काका आले होते, त्यांनी टू-इन-वन आणि जिम रीव्जची नाताळची कॅसेट आणली होती. काकांनी डोळ्यांनी खूण केली आणि मी बटण दाबलं. 'सिल्व्हर बेल्स' लागलं. अंगणात तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. सगळे एकदम हळू बोलायला लागले. कोणीतरी "वा" म्हणालं. काका गुणगुणत होते.

पपांनी विचारलं, "कशाचं गाणं आहे?"

काका म्हणाले, "शहरातल्या नाताळचं. रस्ते, दुकानं, खरेदी करून घरी निघालेली माणसं."

"आणि येशू?"

काका हसले. पपा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. उठले, कॅसेट थांबवली, आतून पेटी आणली, सतरंजीवर ठेवली आणि मला म्हणाले, "बस. म्हण." काळी चारचा सा धरला. मी नाताळचं भजन सुरू केलं, लहानपणापासून म्हटलेलं, झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं असं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला कोरी. पपांनी ओळ पेटीवर वाजवली. मला आठवेना. त्यांनी पुन्हा वाजवली. शब्द त्यांना येत होते, सांगितले नाहीत. तिसऱ्यांदा तीच ओळ. पंचांपैकी एकाने चकलीचा तुकडा मोडला, तो आवाजसुद्धा मला ऐकू आला. सगळे आपापल्या बशीत बघत होते. माझे कान तापले होते, आणि पपांची बोटं त्याच चार स्वरांवर जाऊन परत येत होती, जणू त्यांना रात्रभर वेळ होता.

मग पाळकीणबाईंनी कडवं उचललं. त्यांच्यामागून आई, मग शेजारचे, मग सगळं अंगण. फार छान झालं ते भजन. सगळे म्हणतात ना, मंडळीने एकमेकांना सांभाळून घ्यावं, तसंच त्यांनी मला सांभाळून घेतलं. पण मला त्या वेळी एवढंच कळलं की हे माझ्यावाचून पूर्ण होतं आणि माझ्यावाचून जास्त चांगलं होतं. मी मध्ये बसून ओठ हलवत होते.

रात्री गच्चीवर शाल गुंडाळून, एका कानाचा इअरफोन घालून मी कॅसेटची ती बाजू पुन्हा ऐकली. जिम रीव्ज माझ्याकडून काही मागत नव्हता. कडवं मागत नव्हता, टाळी मागत नव्हता, माझा विश्वास किती आहे हेही विचारत नव्हता.

पुढे कळलं की यात कारागिरी आहे. १९२५ च्या सुमाराला विजेवरचा मायक्रोफोन आणि ध्वनिमुद्रण आलं, त्याआधी गायकाला कर्ण्यात ओरडून गावं लागायचं. मायक्रोफोनमुळे कुजबुजीएवढ्या आवाजात गाता यायला लागलं, आणि लाखो माणसांसाठी असलेलं गाणं एकेकाच्या कानाशी येऊन बसलं. रीव्जने १९५७ मध्ये 'फोर वॉल्स' म्हणताना ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवले होते, आणि तिथूनच त्याची ती मऊ शैली बसली. चर्चला हे आवडलं नव्हतं, बरं का. बॉस्टनचे कार्डिनल ओ'कॉनेल यांनी १९३२ मध्ये या क्रूनर, म्हणजे मायक्रोफोनशी कुजबुजत गाणाऱ्या, लोकांना हलके, अनैतिक म्हणून जाहीर झोडपलं होतं. पपांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कॅथलिक असले तरी शहाणे होते." (आम्ही प्रोटेस्टंट. ही पपांच्या तोंडून सर्वात मोठी शाबासकी.)

नोकरी लागल्यावर मी पपांना एकदा हेडफोन लावून नॅट किंग कोलचं ते चेस्टनटचं 'ख्रिसमस साँग' ऐकवलं, १९६१ चं ध्वनिमुद्रण. पेटीवाल्याचे कान. शेवटपर्यंत ऐकलं. "सुरात आहे. श्वास कुठे घेतो ते कळत नाही. पण हा सांगतोय कोणाला?"

"मला," मी म्हणाले.

"एकट्या तुला?"

"हो."

"मग नाताळला कशाला? कधीही सांगू दे."

मी म्हटलं, पपा, हासुद्धा पाळकाचा मुलगा आहे. वडील बाप्टिस्ट पाळक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. चुलीजवळच्या उबदार घराचं हे गाणं ज्याच्या तोंडी शोभतं, त्याने १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं, तर शेजाऱ्यांनी त्याला काढायचा प्रयत्न केला. पपा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याच्या बापाला काय वाटत असेल?" मला अजून ठरवता आलेलं नाही की ते वस्तीबद्दल बोलत होते की गाण्याबद्दल.

आता पपा नाहीत, आणि तुम्ही त्यांच्या वतीने विचारता असं मला उगाचच वाटतं, म्हणून मी चिडते. काही वर्षं मी असं म्हणत होते की आपल्या नाताळच्या भक्तीत नुसता आनंद असतो. ज्याच्या घरातली एक खुर्ची रिकामी झाली त्याला तिथे जागा नाही, ती या गाण्यांत आहे. क्रॉसबीचं १९४३ चं 'आय'ल बी होम फॉर ख्रिसमस' बघा: युद्धावरचा माणूस घरी येतो म्हणून सगळा बेत सांगतो आणि शेवटच्या ओळीत कळतं की तो फक्त स्वप्नातच येणार आहे. पण हेही उत्तर टिकत नाही. दुःख टिळकांना मी शिकवायचं? बाप्तिस्म्यापायी ज्यांचं घर तुटलं, बायको लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, त्या माणसाच्या भजनांत दुःख नाही असं मी म्हणावं! आहे, भरपूर आहे. फक्त ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, आणि ते म्हणताना माझं दुसरं कडवं अजूनही घशात येतं.

हा बाजार आहे, हेही मला समजतं. 'सिल्व्हर बेल्स' दुकानांचंच गाणं आहे आणि पुण्यातले मॉलसुद्धा ते दुकानांसाठीच लावतात. सिनात्राने १९५७ मध्ये 'हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस'मधली "तोवर कसंबसं निभावून नेऊ" अशा अर्थाची ओळ बदलून घेतली, कारण त्याच्या अल्बमचं नावच 'अ जॉली ख्रिसमस' होतं. ती ओळ गेली तिथे झाडावर चमकता तारा आला. मी जूडी गार्लंडचं १९४४ चं ऐकते, त्यात निभावून नेणं शाबूत आहे. सिनात्रा बाकीच्यासाठी ठेवला आहे.

आणि या गाण्यांत येशू नाही, हा तुमचा सर्वात जड दगड. बहुतेकांत नाही, खरं आहे. मी ख्रिस्ती आहे, रविवारी तुमच्या शेजारी बसते, यंदाही नाताळच्या भक्तीत दुसऱ्या रांगेत उभी राहून म्हणणार आहे, कडवी वहीत लिहून नेते. तरी संध्याकाळी घरी आल्यावर तासभर असं काहीतरी हवं असतं जिथे त्याच्याबद्दल मला काही बोलावं लागत नाही. हे बरोबर की चूक, मला माहीत नाही. पपांनी चूकच म्हटलं असतं. काकांनी कॅसेटची बाजू बदलली असती.

एक मात्र लिहून ठेवा. 'जिंगल बेल्स' मी लावत नाही. रीव्जच्या त्या अल्बममध्ये आहे, मी ते पुढे ढकलते. शेजारून ऐकू आलं असेल तर ते खालच्या मजल्यावरचं.