सड्यावरचा मोगली एरंड

शेतीकर्जाची फाईल टेबलावर आली की सही करण्याआधी मी जागा बघून येतो. देवगडकडची ही फाईल चांगली जाडजूड, गुळगुळीत कागदावर छापलेली होती. एका कंपनीने गावातल्या शेतकऱ्यांना गोळा करून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, मोगली एरंड (जट्रोफा) लावायचा घाट घातला होता. बियांचं तेल काढायचं, तेलाचं बायोडिझेल करायचं. हेक्टरी २५०० रोपं, पाच टन बी, वर खरेदीची हमी. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘पडीक जमीन. पाण्याची गरज नाही. अन्नधान्याशी स्पर्धा नाही.’

शेवटच्या मुद्द्यावर कुणीही मान डोलवेल. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणल्यापासून ऊस, तांदूळ, मका सगळ्यालाच इंधनाचं गिऱ्हाईक आलंय. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारलाच निर्बंध घालावे लागले. मग मक्याला मागणी वाढली आणि कोंबडीखाद्य महागल्याची ओरड सुरू झाली. त्यापुढे कातळावरचं विषारी बी, जे कुणी खातच नाही, म्हणजे सोन्याहून पिवळं!

मे महिन्याचे दिवस. सड्यावर पोचलो तर कंपनीचा तरुण प्रतिनिधी टोपी चढवून, टॅब घेऊन हजर. मी बरोबरच्या गड्याला पहार मारायला सांगितली. वीतभर लाल माती निघाली आणि खण्णकन आवाज आला. चार हात सरकून पुन्हा मारली, तिथे तेवढीही माती नव्हती. पाऊस इथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, पण जांभ्यावरून तो सरळ खाडीला मिळतो. शिमगा उलटला की वर गुरांना पाजायलाही पाणी नसतं.

अशा जागी मोगली एरंड मरत नाही, हे खरं आहे. पण जगणं वेगळं आणि बी देणं वेगळं. याच्या तुऱ्यात नरफुलं भरमसाट आणि मादीफुलं मोजकी. फळं एकदम पिकत नाहीत, त्याच झाडाकडे परत परत जाऊन हाताने तोडावी लागतात, आणि तीही भातकापणीच्या सुमारास. आंब्याच्या राखणीला जिथे नेपाळहून माणसं येतात, तिथे ही तोडणी कोण करणार? एक लिटर बायोडिझेलला तीन-चार किलो बी लागतं. मजुरी धरून मी तिथेच फोनवर हिशेब मांडला. पाच टनांऐवजी एक टन धरला, तर तोडणीतच सगळे पैसे जात होते. प्रतिनिधी म्हणाला, “सर, पेंड आहे ना!” पेंडीचं खत होतं, पण ती विषारी, गुरांपुढे टाकता येत नाही.

सड्याच्या कडेला जुन्या लागवडीची एक रांग उभी होती. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायची भाषा होती, त्या काळात लावलेली. पानं झडलेल्या, कमरेएवढ्या काठ्या.

तिथेच एक आजी शेरडं घेऊन आली. आम्ही काय मोजतोय ते विचारलं आणि हसली.

“ह्यां झाड गडग्यार लावूचा. शेरडू तोंड लावणा नाय, म्हणान लावतत. सगळ्या सड्यार लावल्यार माजी शेरडां खंय चरतली?”

“आजी, ही पडीक जमीन आहे,” प्रतिनिधी म्हणाला.

“पडीक? पावसात येवन बघ मगे.”

तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. सातबारावर ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य आहे. पण पावसाळ्यात इथे गुडघाभर गवत येतं. ते गोठ्यात जातं, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला जातं, आंब्याच्या आढीत जातं. माती धरलेल्या खोलगटात नाचणी होते. यातलं काहीच कागदावर नाही, म्हणून कंपनीच्या लेखी इथे काही नाहीच. धान्याशी स्पर्धा नसेल, पण धान्य पिकवणाऱ्याच्या गुरांशी आहे.

उतरताना खाडीकाठची उंडीची झाडं दाखवायला मी मुद्दाम गाडी थांबवली. किनाऱ्यावर पूर्वी दिव्यात उंडीचंच तेल जळायचं, होड्यांनाही तेच लावायचे. वाघळं फळांचा गर खाऊन बिया टाकतात, माणसं त्या गोळा करतात. त्यावर देशाचे ट्रक धावणार नाहीत, हे मलाही कळतं. पण असलेल्या झाडाखालचं बी वेचण्यात कुणाचं कुरण जात नाही. प्रतिनिधीने फोटो काढला आणि विचारलं, “लावल्यावर किती वर्षांनी उत्पन्न?” वर्षं ऐकून त्याने टॅब मिटला.

मातीची खोली, तोडणीची मजुरी आणि पाण्याची सोय यांचे तपशील मागून मी फाईल परत पाठवली. सुधारित प्रस्ताव पावसाळा संपता संपता आला. त्यात प्रत्येक गटाला एक बोअरवेल आणि ठिबक धरलं होतं, कर्जाची रक्कम जवळपास दुप्पट झाली होती. पहिलं पान मात्र बदलायचं राहून गेलं होतं. पाण्याची गरज नाही, हे तिथे अजून ठळकच होतं.