तांब्याच्या नळीत पाणी किती?

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. दिवसा मी तिथं हिशेब बघतो आणि रात्री त्याच कॉम्प्युटरवर लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्यासाठीच दोन वर्षांपूर्वी प्रोसेसर गार ठेवायला त्याच्यावर चार तांब्याच्या नळ्यांचा, वर पातळ पत्रे आणि पंखा असलेला उभा कूलर बसवला. यंदा एप्रिलात मात्र व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की तापमान ९५ अंशांवर जायचं आणि मशीन रांगायला लागायचं. दुरुस्तीवाला म्हणाला, "नळ्यांतलं पाणी संपलं, कूलर बदला."

नळीत पाणी? मी तर ती भरीव समजत होतो.

भंगारात एक जुना कूलर होता. त्याची नळी हॅक्सॉ ब्लेडनं कापली. मामा खाली वाटी धरून बसले. थेंबसुद्धा पडला नाही. आतून तांबूस रव्यासारखा थर, बोटाला नुसता दमटपणा. "एवढ्यानं काय गार होतंय लेका?"

होतं. नळी बंद करताना आतली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळं पाणी शंभर अंशांची वाट बघत नाही. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, पत्र्यांकडच्या टोकाला तिचं परत पाणी होतं, आणि तो रवा समईच्या वातीसारखा पाणी खाली ओढून आणतो. एक किलो पाणी शून्यापासून शंभर अंशांवर न्यायला साधारण ४२० किलोज्यूल लागतात; त्याची वाफ करायला आणखी २२५७! हे आकडे मामांना सांगून उपयोग नव्हता. पण बॉयलरची वाफ सोडली की ड्रमभर हळद कशी शिजते, हे त्यांनी जन्मभर पाहिलंय. लगेच पटलं. (१९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी बनवली, तीही कॉम्प्युटरसाठी नव्हे.)

मग दुरुस्तीवाल्याचं म्हणणं तपासायचं ठरवलं. पाणी गेलेल्या नळीचं खालचं टोक तापेल, वरचं गारच राहील. एक्स्पोर्ट लावून वरच्या टोकांना बोट लावलं, तर चारही नळ्यांनी चटका दिला. म्हणजे उष्णता वरपर्यंत येत होती, पुढं जायला वाट नव्हती.

पंखा काढला. पत्र्यांच्या फटींत हळदीच्या धुळीचा पिवळा नमदा बसलेला. सौद्याच्या दिवसांत पोती उघडतात, आणि आमचा सीपीयूचा डबा गल्ल्याशेजारी जमिनीवर! ओट्यावर नेऊन ब्लोअर मारला, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पोचवणारी पेस्ट नवी लावली. आता भर दुपारी एक्स्पोर्ट लावला तरी ७६ च्या वर जात नाही. खोलीच चाळीस अंशांची असेल तर याहून कमीची अपेक्षा मी तरी करत नाही.

ओट्यावरचा पिवळा थर बघून मामांनी विचारलं, "वजन केलंस का रं?"