भांडण झालं म्हणून सापडले

मी अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये राहते आणि लोकांचे पूर्वज शोधून देण्याचं काम करते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकले तेव्हा या विद्येवर पोट भरेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. भरतं. फक्त मोडीच्या जागी अठराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर आलं, आणि सनदा-महजरांच्या जागी व्हर्जिनियाच्या कौंटी कोर्टाची दप्तरं.

हे प्रकरण मिझूरीतल्या एका निवृत्त शिक्षकांचं. कुटुंब हयात आहे, म्हणून आडनाव लिहीत नाही. त्यांच्याकडे घरचं जुनं बायबल होतं, त्यातली पहिली जन्मनोंद १७९१ ची, केंटकीतली. त्यामागे सगळं ऐकीव. आयर्लंडहून तीन भाऊ आले, त्यातला एक डोंगरांपलीकडे गेला, तिथे त्याला तिथल्या मूळच्या इंडियनांनी मारलं, आणि त्याची बायको त्यांच्यातल्याच चेरोकी जमातीची राजकन्या होती. तीन भाऊ आणि चेरोकी राजकन्या मला इतक्या कुटुंबांत भेटतात की आता ऐकताना पेनही उचलत नाही. आपल्याकडे प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष कुठल्यातरी गडाचा किल्लेदार असतो, त्यातलाच प्रकार. चेरोकींमध्ये राजघराणं नव्हतं, तेव्हा राजकन्या कुठून येणार? पण गुरुजींचे प्रश्न सरळ होते. त्या बाईचं खरं नाव काय, आणि तिला मुलं किती?

मूळपुरुष सापडायला फार त्रास झाला नाही. शेनान्डोआ खोऱ्याच्या दक्षिण टोकाला बेंजामिन बोर्डेनला १७३९ मध्ये ९२,१०० एकरांची सनद मिळाली, त्यात या मूळपुरुषाने एका ओढ्याकाठी जमीन घेतली होती. पेनसिल्वेनियातून ग्रेट वॅगन रोडने खाली उतरलेल्या, उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या, मूळ स्कॉटिश आणि प्रेस्बिटेरियन पंथाच्या लोकांपैकी तो एक. या लोकांच्या लेखी ती मोकळी जमीन होती. प्रत्यक्षात इरोक्वॉई या मूळ रहिवाशांची जुनी वाट तिथूनच जायची, आणि १७४२ मध्ये तिथे झालेल्या चकमकीत बोर्डेनला वाट दाखवणारा जॉन मॅकडॉवेल मारला गेला.

खरी अडचण पुढे. सरहद्दीवरचा माणूस जागचा हलला नाही तरी कागदावर हलत राहतो. आमच्या माणसाचं घर आधी ऑरेंज कौंटीत होतं. ऑगस्टा कौंटी कागदोपत्री १७३८ मध्ये झाली, पण तिचं कोर्ट भरायला १७४५ साल उजाडलं. १७७० मध्ये बॉटेटॉर्ट निघाली, १७७८ मध्ये रॉकब्रिज. एकाच चुलीचा धूर चार कचेऱ्यांच्या दप्तरांत शोधायचा. लग्नाच्या नोंदी मिळतील म्हणावं तर राज्याचा अधिकृत पंथ अँग्लिकन, आणि प्रेस्बिटेरियन पाद्र्याने लावलेल्या लग्नाला कायद्याची मान्यता १७८० पर्यंत नव्हती. रेव्हरंड जॉन क्रेग यांची १७४० ते १७४९ ची बाप्तिस्म्यांची वही सुदैवाने टिकली आहे. पण तिच्यात मूल बापाच्या नावावर, आईचा पत्ता नाही.

त्यात एकाच ओढ्यावर एकाच नावाचे दोघे निघाले. दप्तरात एक ‘सीनियर’, दुसरा ‘ज्युनियर’. इंटरनेटवरच्या झाडून सगळ्या वंशावळींनी त्यांना बाप-लेक करून टाकलंय. त्या काळी या शब्दांचा अर्थ एवढाच, की गावात या नावाचे दोन आहेत आणि हा त्यातला थोरला. मग मी खरेदीखतांतल्या चतुःसीमा कागदावर मांडल्या. पांढऱ्या ओकपासून ईशान्येला इतके पोल, तिथून ओढ्याकाठच्या हिकरीपर्यंत इतके. एक पोल साडेसोळा फुटांचा, चार पोलांची एक साखळी. तुकडे शेजारी शेजारी बसवले की कुणाचा बांध कुणाला लागून होता ते कळतं आणि दोन माणसं वेगळी होतात. शिवाय जमीन विकताना बायकोला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारायची पद्धत होती, बाई, तू राजीखुशीने हक्क सोडतेस ना? त्या नोंदीत तिचं नाव यावंच लागतं. दोघांच्या बायकांची नावं वेगळी निघाली. राजकन्येचं नाव अगदी साधं, स्कॉटिश शेतकऱ्याच्या घरात दर दुसऱ्या मुलीचं असतं तसं.

मुलं मात्र मिळेनात. मूळपुरुष १७५५ नंतरच्या, इंग्रज-फ्रेंच युद्धाच्या धामधुमीत मेला. मृत्युपत्र नाही. विधवेने मालमत्तेची व्यवस्था बघण्याचा जामीन दिला, आणि त्यानंतर ती आणि मुलं जणू जमिनीने गिळली.

अशा वेळी बाईने दुसरं लग्न केलं असं धरून चालायचं, कारण त्या मुलखात एकटीने शेत राखणं फार अवघड होतं. त्या जॉन मॅकडॉवेलची बायको मॅग्डालिना घ्या. तो मेल्यावर ती धाकट्या बेंजामिन बोर्डेनची बायको झाली, तो १७५३ मध्ये देवीने गेल्यावर जॉन बॉयरची. एकच बाई, तीन आडनावं, आणि तिची मुलं दप्तरात तीन ठिकाणी. आमच्या विधवेचं नवं आडनाव मालमत्तेच्या हिशेबात सापडलं. हिशेब दुसऱ्याच एका माणसाने सादर केला होता आणि खाली लिहिलं होतं, याने सदर विधवेशी लग्न केले आहे. हा सावत्र बाप पुढे होल्स्टन नदीकडे, आताच्या वॉशिंग्टन कौंटीत, १७८२ च्या करयादीत दिसतो. त्याच्या घरात वाढणारी मुलं कुणाची हे करयादी सांगत नाही.

तर एके दिवशी मी लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या चॅन्सरी दाव्यांच्या सूचीत सावत्र बापाचं आडनाव घातलं. चॅन्सरी म्हणजे वारसा-वाटण्यांसारखी भांडणं न्यायबुद्धीने सोडवणारं कोर्ट. गुरुजींनी वर्षानुवर्षं स्वतःचं आडनाव घालून बघितलं होतं. १८०२ मध्ये ऑगस्टा कौंटीतल्या स्टॉन्टनला चॅन्सरीचं जिल्हा कोर्ट आलं आणि पश्चिम व्हर्जिनियाची भांडणं तिथे जमायला लागली, त्यामुळे होल्स्टनचा कागद ऑगस्टाच्या गठ्ठ्यात असणं साहजिक आहे. एक दावा निघाला. वादी कुणी अनोळखी माणूस ‘व पत्नी’. लग्न झालेल्या बाईला एकटीने दावा लावता येत नसे, म्हणून वर नवऱ्याचं नाव. प्रतिवादी सावत्र बापाची मुलं.

पहिल्याच पानावर ती ‘पत्नी’ कोण ते होतं. आमच्या मूळपुरुषाची मुलगी.

त्या पानापाशी मी बराच वेळ अडकले. पुढे अर्जात तिने सगळ्या सख्ख्या भावंडांची नावं दिली होती, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, कोण हयात, कोण मेलेलं, कोण केंटकीला गेलेलं. चॅन्सरीत ज्याचा ज्याचा संबंध आहे त्या प्रत्येकाला दाव्यात आणावं लागतं, म्हणून ही यादी. केंटकीला गेलेला धाकटा म्हणजे गुरुजींच्या बायबलातल्या पहिल्या मुलाचा बाप. शेजाऱ्यांच्या साक्षींतून विधवेचं माहेरही कळलं. बाप त्याच ओढ्यावरचा, तीन शेतं पलीकडचा. चेरोकी वगैरे कुणी नाही.

जुन्या दाव्यांमधल्या साक्षी वाचण्यासारखं सुख नाही. बोर्डेनच्या जमिनीवरून पिढ्यानुपिढ्या चाललेल्या दाव्यात मेरी ग्रीनली या म्हातारीची १८०६ ची साक्ष आहे. १७३७ मध्ये ती तिथे राहायला आली होती. वय विचारल्यावर ९५ सांगते आणि उलट विचारते, वय कशाला विचारता, मी भ्रमिष्ट झालेय असं वाटलं का? तिनेच सांगितलेला किस्सा. बोर्डेन प्रत्येक केबिनमागे १०० एकर देत असे. मिलहॉलन नावाच्या एका मोलकरणीने पुरुषाचे कपडे घालून अशा पाच-सहा केबिनींचा हक्क मिळवला, आणि मोजणीला आलेला माणूस चकित झाला की इतके मिलहॉलन इथे आले कुठून! कुठल्याही जन्मनोंदीत ही पोरगी अशी सापडली नसती. कोर्टात जाणाऱ्या लोकांबद्दल मला म्हणूनच मनापासून आदर आहे. गुण्यागोविंदाने वाटण्या करून घेणारी घराणी संशोधकाच्या काहीच कामाची नाहीत.

पण आमच्या दाव्यातलं भांडण जमिनीचं नव्हतं. एका गुलाम बाईवरून होतं.

व्हर्जिनियात १७०५ ते १७९२ पर्यंत वारसाच्या कामी गुलाम माणसं स्थावर मिळकतीत धरली जात. मृत्युपत्र नसेल तर जमिनीसारखी ती थोरल्या मुलाकडे जायची, त्याने धाकट्यांना किमतीचा वाटा द्यायचा. विधवेला तिसरा हिस्सा, तोही हयातीपुरता. तिच्या पश्चात तो परत पहिल्या नवऱ्याच्या वारसांकडे. विधवेच्या हिश्शाला ही बाई आली होती. तिला घेऊन ते होल्स्टनला गेले. तिथे तिला मुलं झाली, त्या मुलांना मुलं झाली. १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीचं, म्हणजे ती सगळी गुलाम. विधवा म्हातारी होऊन वारल्यावर तिची मुलगी कोर्टात गेली, आमच्या बापाची मिळकत परत करा म्हणून. सावत्र भावांची कैफियत अशी, की ही बाई आमच्या बापाने स्वतःच्या पैशाने घेतलेली आहे.

मग ती बाई मुळात कुणाची, हा मुद्दा शाबीत करायची वेळ आली. म्हातारे शेजारी शोधून काढले गेले आणि त्यांना विचारलं गेलं, ओढ्याकाठच्या घरात तिला कधी पाहिलंत, तेव्हा घरात कोण कोण होतं, कुठलं मूल तिच्या कडेवर असायचं. गुरुजींच्या कुटुंबाबद्दल मला जे जे कळलं ते सगळं तिच्याबद्दलच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांतून. तिची स्वतःची साक्ष अर्थातच नाही. गोऱ्यांच्या दाव्यात काळ्या माणसाला साक्ष देता येत नव्हती.

शेवटी जोडलेला तक्ता आहे. ती, तिची मुलं, नातवंडं. प्रत्येकाचं नाव, अंदाजे वय, कुणाच्या पोटचं, सध्या कुणाच्या ताब्यात, किंमत. बापाचा रकाना नाही. अठराव्या शतकातल्या एखाद्या गुलाम बाईच्या तीन पिढ्या एका कागदावर, मायलेकींची नाती कोर्टात शाबीत झालेली, असं या कामात क्वचित हाती लागतं. तिला कोर्टात जायचा अधिकार असता तर तिने काय मागितलं असतं ते मी सांगायला नको.

निकाल वारसांच्या बाजूने लागला. कमिशनरांनी माणसांचे सारख्या किमतीचे गट पाडले, चिठ्ठ्या टाकल्या. केंटकीच्या धाकट्या भावाला नऊ वर्षांची एक मुलगी आणि वर काही रोख आली.

संध्याकाळी गुरुजींना फोन केला. आधी भावंडांची यादी वाचून दाखवली, बाईचं माहेर सांगितलं. राजकन्या गेल्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं, पण ते हसले. मग मी दावा कशावरून होता ते सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, “त्या मुलीचं नाव परत सांगा.” सांगितलं. फोन ठेवून ते बायबल घेऊन आले. शेवटच्या कोऱ्या पानावर काही जन्मनोंदी आहेत, मुलांची आणि आयांची नुसती पहिली नावं, आडनाव नाही. लहानपणी गेलेली आमचीच भावंडं असतील, असं त्यांच्या घरात समजत होते. त्या पानावर वरून पहिल्या तीन मुलांच्या आईचं नाव तेच होतं.

“माझी बहीण म्हणेल, हे अहवालात कशाला घालायचं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “ते तुम्ही ठरवा. पण तुमच्या मूळपुरुषाची मुलं मी ज्या कागदावरून सिद्ध करतेय, तो कागद तिचा आहे. तो वगळला तर तुमचीही वंशावळ उरत नाही.”

त्यांनी दुसऱ्या आठवड्यात कळवलं, दोन्ही वंशावळी लिहा, आणि तिची खाली जिथवर नेता येईल तिथवर न्या. बहिणीशी त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

हे काम उलट्या दिशेचं आणि बरंच अवघड आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या आहेत, पण त्यात बहुतेक ठिकाणी मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. या माणसांची नावं जनगणनेत सरसकट येतात ती १८७० पासून, आणि तेव्हा त्यांनी कुठलं आडनाव घेतलं असेल याचा नेम नाही. बायबलातल्या जन्मतारखा, केंटकीतली मृत्युपत्रं, मिझूरीला जाताना कोण कुणाबरोबर गेलं, आणि यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याचे कागद, असा माग धरायचा. सध्या मी केंटकीत आहे, म्हणजे पडद्यावरच्या केंटकीत. तिथल्या मृत्युपत्रांच्या एका वहीत तीच मुलगी, आता चाळिशी ओलांडलेली, गुरुजींच्या पूर्वजाने आपल्या मुलीला दिलेली सापडली आहे. पूर्वजाची ती लेक लग्न होऊन ज्या कौंटीत गेली, तिथली सूची उद्या उघडायची आहे.