मसाई लोक खरंच रक्त पितात का?

केनियातील नारोक या गुरे पाळणाऱ्या मसाईंच्या भागात काही काळ राहून आल्यापासून मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर होकारार्थी आहे, पण ते रोजचे पेय नव्हे. नुकतीच सुंता झालेला मुलगा, बाळंतीण, आजारी माणूस किंवा दुष्काळात दूध आटलेले घर, अशांसाठीच ते परंपरेने काढले जाते. जनावराच्या मानेला पट्टा आवळून शीर फुगवतात आणि अगदी जवळून लहानसा बाण मारतात; टोकामागे अटकाव असल्यामुळे तो खोल रुतत नाही. हवे तेवढे रक्त वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात धरले की पट्टा सोडून जखम लिंपतात आणि जनावर पुन्हा चरायला जाते. एन्काई देवाने गुरे आपल्यालाच दिली, अशी ज्यांची श्रद्धा आहे, ते अन्नासाठी सहसा गाय मारत नाहीत.

रक्ताच्या कुतूहलापायी दुधाकडे दुर्लक्ष होते, याची मला खंत वाटते. मसाईंचे परंपरेने मुख्य अन्न दूध, आणि त्यावर सत्ता बायकांची. काटेरी कुंपणाच्या आत काठ्या, माती आणि शेण यांनी घर उभारते ती स्त्री, धार काढते तीही स्त्री, आणि कोणाच्या वाट्याला किती दूध येणार हेही तीच ठरवते. दुधाचा भोपळा ती पाण्याने नुसता विसळत नाही. रानटी ऑलिव्हच्या काठीचे पेटते टोक आत फिरवून ती तो घासते. त्यामुळे दूध टिकते आणि त्याला धुराचा वास लागतो. पहिल्या घोटाला मला तो उग्र वाटला होता. पुढे त्या वासाशिवाय दूध बेचव लागू लागले.

मोरान, म्हणजे सुंतेनंतर योद्धा झालेला तरुण, याने एकट्याने दूध पिऊ नये असा दंडक आहे. कितीही भूक लागली तरी त्याने आपल्या वयोगटातला सोबती शोधायचा. एका काळात सुंता झालेले हे तरुण जन्मभर एकमेकांना बांधलेले असतात, आणि युनोटो विधीत आई मुलाचे गेरूने माखलेले लांब केस उतरवते तेव्हा अख्खा गट मिळून वडीलपणाकडे वळतो. युनोटोसह असे तीन विधी युनेस्कोने 2018 मध्ये तातडीच्या जतनाच्या यादीत घेतले.

1904 आणि 1911 च्या करारांनी ब्रिटिशांनी मसाईंची उत्तम कुरणे घेतली. आज पुष्कळ घरांत उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजते आणि पाहुण्याला साखर घातलेला चहा मिळतो; मी जिथे राहिले तिथे त्यातले दूध मात्र त्याच धुरावलेल्या भोपळ्यातले असे.